पाण्यात उभा असलेला माणूस

समाजाची अभिरुची तपासण्यासाठी दरवेळी त्याच्या ग्रंथांकडेच जावे लागते असे नाही. तो कोणत्या चित्रापुढे थांबतो, काय पाहून गहिवरतो आणि त्या गहिवरात काय पाहायचे विसरतो, एवढे नीट तपासले तरी त्याचे मूल्यभान उघडे पडते. अनिल प्रभाकर या भारतीय छायाचित्रकाराने बोर्निओच्या जंगलात टिपलेले आणि २०२० च्या फेब्रुवारीत जगभर गाजलेले एक छायाचित्र या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

चित्र साधे आहे. गढूळ पाण्यात खोलवर एक माणूस उभा आहे. काठावर ओरांगउटान, म्हणजे शेपूट नसलेला, माणसाच्या फार जवळचा मोठा वानर, पुढे झुकून बसला आहे. त्याने आपला लांब हात त्या माणसाकडे केला आहे. हा हात ठरवून करवून घेतलेला नव्हता. प्रभाकर मित्रांबरोबर तिथे फिरायला गेले होते, समोर घडले ते त्यांनी टिपले. ओरांगउटानांच्या संरक्षणासाठी राखलेल्या त्या जंगलात साप असल्याची खबर होती. साप हे या वानरांचे शत्रू. म्हणून तो रखवालदार पाण्यात उतरून काठची झुडपे साफ करीत होता. वानराने हात पुढे केला, पण त्याने तो धरला नाही. तो बाजूला सरला. ही जनावरे रानटी आहेत, त्यांच्यापासून जपून राहावे लागते, हे त्याचे कारणही प्रभाकरांनी सांगून ठेवले आहे.

ही एवढी हकीकत चित्राबरोबर उपलब्ध होती. तरीही चित्र पाहणाऱ्यांनी काय पाहिले? ‘माणसातली माणुसकी मेली, पण प्राण्यात ती जिवंत आहे’ असे म्हणत कोणी हळहळले. कोणाला व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन प्रार्थनागृहाच्या छतावरचे मायकेलअँजेलोचे चित्र आठवले. त्यात ईश्वराचे बोट आदमच्या बोटाकडे येते. कोणी वानराला देवदूत केले, तर कोणी निसर्गमातेने पापी लेकराला क्षमा केली असा अर्थ लावला. या सगळ्या प्रतिक्रियांत एक गोष्ट समान आहे. चित्रात दोन जीव आहेत आणि बोलणे एकाविषयीच आहे. वानराचा हात सर्वांना दिसला. पाण्यात उभा असलेला माणूस तिथे का उभा आहे, हे फारसे कोणी विचारले नाही. चित्रकर्त्याचे नाव चित्राबरोबर जगभर फिरले. पाण्यातल्या माणसाचे नाव फिरले नाही. तो ‘मानवजात’ झाला आणि मानवजात झाल्यामुळे माणूस म्हणून शिल्लक राहिला नाही.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राकडे या अनुभवासाठी तयार शब्द आहे: साधारणीकरण. आस्वादक स्वतःचे देशकालबद्ध ‘मी’पण बाजूला ठेवतो, समोरच्या पात्राचेही विशिष्टपण गळून पडते आणि उरतो तो शुद्ध भाव. असा भाव ज्याला अनुभवता येतो तो सहृदय. शतकानुशतके ही मीमांसा शिकवली गेली. आजही आपली मुले ती परीक्षेसाठी पाठ करतात. परंतु या सहृदयाला देह आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो कधी गटाराच्या पाण्यात उतरला आहे का? त्याच्या घरातले कोणी उतरले आहे का? विशिष्टपण गळून पडते म्हणतात तेव्हा नेमके कोणाचे विशिष्टपण गळते? या चित्रात गळले ते पाण्यातल्या माणसाचे काम, त्याची मजुरी आणि त्याच्या पायाखालचा धोका. म्हणजे जे गळाले ते श्रम होते, आणि उरला तो करुणरस. श्रम गाळून रस काढण्याची ही कला आपल्या अभिरुचीला चांगली अवगत आहे.

हे म्हणणे कल्पनेतून आलेले नाही. हेच चित्र दोन ठिकाणी पाहिले गेले तेव्हा काय झाले, ते इथे नोंदवतो. शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत ते मोबाईलवरून हातोहात फिरले. ‘किती बोलका हात आहे’ असे एक बाई म्हणाल्या. ‘आपल्यापेक्षा हे बरे’ असे एक सर म्हणाले आणि सर्वांनी मान डोलावली. ही माणसे वाईट नव्हती, त्यांचे भरून आलेले डोळे खोटे नव्हते. तेच चित्र काही दिवसांनी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका वस्तीत, विहाराच्या खोलीत रविवारी भरणाऱ्या अभ्यासवर्गात दाखवले. तिथे निराळेच घडले.

वर्गातल्या बोलण्याकडे वळण्यापूर्वी ही जागा कोणती आहे ते सांगितले पाहिजे, कारण पाहणारा कुठे उभा आहे यावर त्याचे पाहणे ठरते. अंबरनाथ म्हटले की पुस्तकी माणसाला शिलाहारांचे शिवमंदिर आठवते. इ. स. १०६० चा शिलालेख, भूमिज शैली, भिंतींवरची शिल्पे. त्या मंदिराच्या पायाशी वालधुनी नदी आहे. मंदिराविषयी लिहिणारे नदीपाशी आले की चटकन पुढे सरकतात, कारण रासायनिक कारखान्यांच्या या पट्ट्यात वालधुनीची नदी म्हणून ओळख केव्हाच पुसली गेली आहे. २०१४ साली रासायनिक घाण टँकरने आणून या नदीत ओतली गेली तेव्हा उल्हासनगरात शंभराहून अधिक माणसांना श्वास लागून रुग्णालयात न्यावे लागले. आनंदनगर, मोरिवली या भागांतल्या कारखान्यांत पहाटेच्या पाळीला जाणारी माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आणि आता उत्तरेतूनही आलेली. त्यांतली पुष्कळ कंत्राटदाराच्या हजेरीवर. जी कामे कायम कामगार करीत नाहीत ती यांच्या वाट्याला येतात: टाकीतला गाळ काढणे, सांडपाण्याचे चेंबर मोकळे करणे, पिंपे धुणे. आणि ही कामे जातीच्या जुन्याच वाटेने चालत येऊन त्यांच्यापर्यंत पोचतात. गावात वेशीबाहेरच्याला जे करावे लागत होते ते इथे फाटकाच्या आत करावे लागते, एवढाच फरक.

अशा माणसांपुढे ते चित्र ठेवले. पहिला प्रश्न एका पोराने विचारला; तो उल्हासनगरच्या कॉलेजात जातो. “सर, त्या माणसाचं नाव काय?” नाव दिलेले नाही म्हटल्यावर तो गप्प बसला. मग टाक्यांमध्ये उतरणारा एक गडी पुढे आला. लातूरकडचा, वय चाळीसच्या आतबाहेर. त्याने चित्र जवळ घेऊन पाहिले, हकीकत विचारून घेतली आणि म्हणाला, “म्हंजी ह्यो पाण्यात उतरला त्या वानरासाठी. साप काढतोय ते त्याला चावू नये म्हणून. अन् शाबासकी वानराला?”

या एका वाक्यात जी समीक्षा आहे ती चित्रावरच्या शेकडो अभिप्रायांत नाही. आपण त्या वानराला तारणहार ठरवले. वस्तुस्थिती उलटी होती: तारण्याचे काम पाण्यातला माणूस करीत होता. संकटात सापडलेला म्हणून ज्याची कीव केली गेली, तो खरे तर कामावर होता. हात पुढे करणाऱ्याचे पुण्य मोजले गेले आणि ज्याचे हात आधीच कामात गुंतले होते त्याचे कष्ट मोजले गेले नाहीत. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ‘बुडणारा’ समजण्याची चूक अशा कामाशी कधीच संबंध न आलेला माणूसच करू शकतो. आमच्या वर्गात ती चूक एकाचीही झाली नाही. सगळ्यांनी पाहताक्षणी ओळखले, की हा कामावरचा माणूस आहे.

मागे बसलेल्या, नगरपालिकेच्या रस्त्यांवर झाडू मारणाऱ्या एक आक्का होत्या. त्या म्हणाल्या, “त्यो हात देत न्हाई, मागतोय. लेकरू आईपुढं हात करतं तसा हाय.” वर्गात हशा झाला. पण आक्कांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वानरांच्या वर्तनाचा जन्मभर अभ्यास केलेल्या फ्रान्स द वाल यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे, की तळवा उघडा करून हात पुढे करणे ही चिंपांझींची मागण्याची खूण आहे. तो खाणे मागतो, भांडणात साथ मागतो. मग बोर्निओतला तो हात देणारा होता की मागणारा? चित्रावरून याचा निकाल लागत नाही, आणि लावण्याचे कारणही नाही. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. आक्कांनी त्या हाताकडे हात म्हणून पाहिले. ज्यांनी आयुष्यभर हात पसरणारे आणि हात आखडणारे दोन्ही पाहिले आहेत, त्यांना हाताची भाषा कळते. ज्यांना तो हात ईश्वराचा वाटला त्यांना छतावरचे चित्र माहीत होते. हात माहीत नव्हता.

मग बोलणे टाकीकडे वळले, आणि आमच्या चर्चेचा गाभा तिथे सापडला. लातूरच्या त्या गड्याने टाकीत कसे उतरतात ते सांगितले. झाकण उघडून ठेवायचे, आत हवा मारायची, मग कमरेला दोरी. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर ठीक. “वास गेला म्हंजी हवा साफ झाली आसं न्हाई. नाक मेलं.” रसायनाचे पुस्तकही हेच सांगते: हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की घ्राणेंद्रियच बधिर होते. पुढचे त्याने खाली पाहत सांगितले. आतला माणूस पडला की वरचा थांबत नाही. आपला माणूस पडलेला पाहून तो तसाच उतरतो, हात द्यायला. आणि तोही पडतो. मग तिसरा.

देशात कुठेही गटारात किंवा टाकीत गुदमरून माणसे मेल्याची बातमी वाचावी. मृत पुष्कळदा एकटा नसतो. कधी दोन, कधी तीन, चार. त्यांतला पहिला कामासाठी उतरलेला असतो आणि बाकीचे हात देण्यासाठी. निःस्वार्थ पुढे आलेला हात पाहून ज्यांना रडू येते त्यांच्यासाठी याहून मोठे दृश्य कोणते असेल? पण या हाताचे छायाचित्र नसते. असले तरी ते कोणी एकमेकांना पाठवीत नाही. बातमीत त्या माणसाचे वर्णन ‘दुसरा मृत कामगार’ असे असते, आणि बऱ्याचदा ‘निष्काळजीपणे उतरला’ असा शेराही. वानराचा हात माणुसकी ठरतो. माणसाचा हात निष्काळजीपणा ठरतो.

इथे कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने अशी अट घातली होती, की विषारी वायूचा धोका असलेल्या बंदिस्त जागेत उतरणाऱ्या कामगाराने श्वसनाचे साधन लावावे, कमरेला पट्टा बांधावा आणि त्या पट्ट्याच्या दोरीचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. नाहीतर जागा सुरक्षित असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला हवा. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या वर्षांतच कायद्याने ‘हात’ लिहून ठेवला होता. त्या हाताला भावनेची गरज नव्हती. दोरी, पट्टा आणि वर उभा राहायला एक जादा माणूस, एवढीच गरज होती. पण जादा माणसाची जादा हजेरी पडते. २०१३ च्या कायद्याने गटारे व मैल्याच्या टाक्या यांची साधनांशिवाय हाताने सफाई करवून घेण्यास मनाई केली. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाखांवर नेली. नुकसानभरपाई वाढते याचाच अर्थ माणसे अजून उतरत आहेत.

आता कोणी म्हणेल, एका निष्पाप जनावराच्या चित्रावरून एवढे रामायण कशाला? कारण माणूस आणि वानर यांना एका चौकटीत पाहण्याचा इतिहास निष्पाप नाही. १९०६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या काळ्या तरुणाला वानरांच्या घरात ठेवण्यात आले. त्याच्याबरोबर पिंजऱ्यात डोहाँग नावाचा ओरांगउटान होता. हजारो गोरे प्रेक्षक दोघांचा खेळ पाहायला लोटले. त्यांनाही तो माणूस आणि वानर यांच्यातल्या सख्याचा देखावा वाटला. पुष्कळ जण हसले, काही कौतुकाने पाहत राहिले. निषेध केला तो काळ्या धर्मोपदेशकांनी. आम्हांलाही आत्मा असलेली माणसे समजा, एवढीच त्यांची मागणी होती. ओटा बेंगाची पिंजऱ्यातून सुटका झाली, पण मायदेशी परतणे त्याच्या नशिबी नव्हते. १९१६ साली त्याने आत्महत्या केली. त्या प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेने या प्रकाराबद्दल माफी मागितली २०२० च्या जुलैत. म्हणजे ज्या वर्षी ओरांगउटानच्या हाताने जग गहिवरले त्याच वर्षी, ११४ वर्षांनी, ओरांगउटानबरोबर कोंडलेल्या माणसाची माफी मागितली गेली. पहिली बातमी घरोघर पोचली. दुसरी आपल्यापैकी कितींनी वाचली?

आपल्याकडे पिंजऱ्याची गरज पडली नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती. त्यांना कोणी अडवत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी तेच पाणी ओंजळीने घेतले तेव्हा दंगल झाली, आणि नंतर शेण-गोमूत्र घालून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. प्राण्याच्या तोंडाने न विटाळणारे पाणी माणसाच्या हाताने विटाळते, असे मानणारी ही संस्कृती आहे. तिने प्राण्यावर प्रेम केले यात नवल नाही. प्राणी दया मागतो. तो तळे मागत नाही, देवळाचे दार मागत नाही, सातबारा मागत नाही. त्याच्यावर कितीही माया केली तरी आपली पायरी खाली येत नाही. दलित माणूस मात्र दया नाकारतो आणि हक्क मागतो. म्हणून एकाच घरात मुंग्यांना साखर आणि सफाई कामगाराला वेगळा पेला, दोन्ही सुखाने नांदतात.

सातबाऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ साली वर्तमानपत्रांतून गाजली. ही नोंद कधी, कोणी केली ते गावालाही सांगता आले नाही. गावात माकडांचा मान राखला जातो, लग्नकार्यात त्यांना आधी खाऊ दिला जातो. वाचकांनी कौतुकाने ही बातमी वाचली. त्याच मराठवाड्यात गायरानाच्या तुकड्यासाठी भूमिहीन दलितांनी डोकी फोडून घेतली, उभी पिके जाळलेली पाहिली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसांनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचे सरकारने मान्य केल्यानंतरही तहसील कचेरीचे उंबरठे झिजवणारे म्हातारे आहेत. माकडांच्या नावे जमीन असू नये असे माझे म्हणणे नाही. ती खुशाल असावी. पण माकडाचे नाव ज्या कागदावर सहज चढते त्या कागदावर माणसाचे नाव का चढत नाही, हा प्रश्न ज्याला ती बातमी वाचताना पडला नाही, त्याच्या भूतदयेवर विश्वास ठेवता येत नाही.

महाराष्ट्रात माकडाशी रोजचे, भाकरीचे नाते असलेली माणसे होती: माकडवाले. गावोगाव पाल टाकणारे, डमरू वाजवून खेळ करणारे. १९९८ च्या अधिसूचनेने माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी आली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जनावराच्या गळ्यातला दोर सुटला हे योग्यच झाले; गळ्यातला दोर काय असतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण माकडाची मुक्तता लिहिणाऱ्या त्या कागदावर माकडवाल्याच्या पोटाची सोय नव्हती. त्याच्या मुलाच्या शाळेची, त्याच्या पालाखालच्या जमिनीची तरतूद नव्हती. इथेही चौकटीत दोन जीव होते आणि डोळ्यांना एकच दिसला.

तेव्हा दलित समीक्षेने या चित्राला काय म्हणावे? ते खोटे आहे असे म्हणावे काय? मुळीच नाही. चित्र खरे आहे. त्याने दोघांनाही सारख्याच स्पष्टपणे दाखवले आहे. दोष पाहण्याच्या संस्कारात आहे. आणि तो संस्कार बदलता येतो याचा पुरावा मराठी छायाचित्रकारानेच दिला आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची चित्रे वर्षानुवर्षे काढली. गटारात उतरलेली, कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली, आणि काम संपवून घरी बायकामुलांत बसलेली माणसे. या चित्रांत कोणाचाही हात वरून येत नाही, देवदूत नाही. पाहणाऱ्याला आपल्या चांगुलपणाची खात्री करून घेण्यासाठी तिथे जागा ठेवलेली नाही. माणूस थेट आपल्याकडे पाहतो आणि विचारतो, मी इथे का आहे? म्हणून ही चित्रे पाहताना रडू सहजी येत नाही, अस्वस्थता येते. रडून झाल्यावर माणूस मोकळा होतो. अस्वस्थ माणसाला काहीतरी करावे लागते. कलाकृतीचे मूल्य ठरवताना हा फरक आपण ध्यानात घेतला पाहिजे.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. वर्गातल्याच एका मुलीने तो घेतला. ती म्हणाली, “आपण त्या वानराचा हेवा करतोय का? त्याचंपण घर गेलंय.” तिचे म्हणणे खरे आहे. बोर्निओतले ओरांगउटान नामशेष होण्याच्या काठावर आहेत. १९९९ ते २०१५ या काळात तिथले एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शिकार, वृक्षतोड, खाणी आणि पामतेलाचे मळे ही त्याची कारणे. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आपला देश आहे. ते बिस्किटात आहे, साबणात आहे, नाक्यावरच्या वड्याच्या कढईतही असते. मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे जंगल. ज्याला त्या लोकांनी जंगलातला माणूस म्हटले त्याचे जंगल कापणारा नफा आणि वालधुनीत टँकर रिकामा करणारा नफा यांची जात एकच आहे. वानर आणि पाण्यातला माणूस एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. त्यांना प्रतिस्पर्धी करते ती आपली नजर. ती एकाला उचलते आणि दुसऱ्याला चित्राची पार्श्वभूमी करते.

या ठिकाणी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये केलेला करुणा आणि मैत्री यांतला भेद उपयोगी पडतो. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोचते, म्हणून ती अधिक व्यापक. पण मैत्री करुणेला वगळून तिच्यापुढे जात नाही, करुणेतून पुढे जाते. माणसाला ओलांडून थेट प्राण्यापर्यंत उडी मारणारे प्रेम हे मैत्री नव्हे; तो चुकवेगिरीचा मार्ग आहे. आणि मैत्रीत वर-खाली नसते. तिथे पाण्यातला, काठावरचा आणि कॅमेऱ्यामागचा असे तिघेही एकाच पातळीवर येतात.

ही दृष्टी आपल्याला बाहेरून आणायची नाही. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात महाकपी जातकाची चित्रे आहेत. पाचव्या शतकातली. त्या जातकांपैकी एका कथेत रानात वाट चुकलेला ब्राह्मण खोल खड्ड्यात पडतो. वानराच्या जन्मातला बोधिसत्त्व त्याला बाहेर काढतो आणि थकून झोपी जातो. तेव्हा तो माणूस मांसाच्या लोभाने त्याच्या डोक्यात दगड घालतो. रक्तबंबाळ वानर तरीही त्याला रानाबाहेरची वाट दाखवतो. म्हणजे वानराने माणसाला हात दिल्याचे चित्र आपल्या मातीत दीड हजार वर्षांपासून आहे. परंतु बौद्ध कथाकार हातापाशी थांबला नाही. पुढे काय झाले ते त्याने सांगितले. वाचवलेला माणूस कोण होता, त्याने काय केले, हा त्या कथेचा कणा आहे. कथा ऐकणाऱ्याला तो रडवून मोकळा सोडत नाही. तू त्या खड्ड्यातल्या माणसासारखा वागशील काय, असे विचारतो.

हीच कसोटी आपण प्रत्येक चित्राला, कवितेला आणि कथेला लावावी. चौकटीत किती जीव आहेत? त्यांतला काम कोण करतो आहे? त्याचे नाव आहे काय? तो तिथे स्वतःहून आला, की त्याला उतरवले गेले? दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात विचारावेत, विद्यार्थ्यांनी रसचर्चेच्या उत्तरपत्रिकेत लिहावेत, कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या फाटकावर विचारावेत. अंबरनाथच्या त्या अभ्यासवर्गाने ते कोणत्याही सौंदर्यशास्त्राचे पुस्तक न वाचता विचारले. चर्चा संपल्यावर त्यांनी चित्राचे काय करायचे यावर वेळ घालवला नाही. पुढच्या रविवारी कंत्राटदाराला द्यायचा अर्ज लिहायचा ठरवून मंडळी उठली. अर्जात मागण्या तीन: पट्टा, दोरी आणि वर उभा राहणारा एक माणूस.